आधी फौजा आल्या, मग बिया : डब्लिनच्या डोंगरातल्या रस्त्यांची गोष्ट

सँडीफोर्डच्या लुआस स्टेशनवर उतरून दक्षिणेकडे पाहिले, की ऑफिसांच्या काचेच्या इमारतींमागे एक डोंगर दिसतो आणि त्याच्या माथ्यावर मनोरे. हा थ्री रॉक, उंची ४४४ मीटर. भारतातून आलेल्या आई-बाबांना टिकनॉकच्या जंगलातून त्या मनोऱ्यांपर्यंत नेऊन आणणे हा आपल्यापैकी बऱ्याच घरांचा उन्हाळ्यातला ठरलेला कार्यक्रम आहे. वर फोटो होतात, डबे उघडतात, समुद्र आणि शहर दाखवून होते. ज्या रस्त्यावरून आपण चढून आलो, त्याच्या दोन्ही कडांना काय उगवले आहे ते मात्र क्वचितच कोणी बघते. हा लेख त्या कडांविषयी आहे. पण तिथे पोचण्याआधी थोडे चारशे वर्षे मागे जावे लागेल.

सँडीफोर्डच्या आयरिश नावाचा अर्थ वाळूचा उतार, म्हणजे ओढा पायी ओलांडण्याची वाळूची जागा. आपल्याकडे नदीकाठच्या गावांत 'उतार' हा शब्द याच अर्थाने वापरतात. तिथून वर चढले की बार्नाकलिया लागते. पिढ्यान्पिढ्या ग्रॅनाइट फोडणाऱ्या पाथरवटांची ही वस्ती. त्या नावाचा अर्थ 'रानाचा माथा'. आज तिथे लावलेली झाडी आहे, पण ज्या रानावरून नाव पडले ते कधीच गेले. हीच गोष्ट साऱ्या आयर्लंडची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशाच्या जेमतेम एक टक्का भूमीवर जंगल उरले होते.

रान गेले कसे? शेतीसाठी गेले, जहाजांसाठी गेले, लोखंडाच्या भट्ट्यांत आणि कातडी कमावण्यात गेले. पण आणखी एक कारण आहे, आणि ते मराठी माणसाला फारसे समजावून सांगावे लागत नाही. रान म्हणजे बंडखोरांचा किल्ला!

ऑगस्ट १५८० मध्ये लॉर्ड ग्रे हा इंग्रज सेनापती विकलोच्या डोंगरात ग्लेनमल्युअर नावाच्या दरीत फौज घेऊन शिरला. समोर फिआख मॅकह्यू ओ'बर्न हा तिथला सरदार. दरी अरुंद, दोन्ही बाजूंना दाट झाडी, वाट अशी नाहीच. झाडीतून हल्ला झाला आणि इंग्रजांची शेकडो माणसे पडली. हे वाचताना जावळी आठवल्याशिवाय राहत नाही. आयर्लंडमधल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी यातून घेतलेला धडा सरळ होता. रानातून रुंद वाटा तोडा, म्हणजे फौजेला आत जाता येईल आणि झाडीआड कोणी लपणार नाही.

आपल्याकडे तोच विचार उलट्या बाजूने झाला. आज्ञापत्र हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेला ग्रंथ. त्यात गडाच्या वाटा सोप्या ठेवू नयेत, सोपी वाट असेल तर ती मोडून तिच्यावर झाडी वाढवावी, अशा आशयाची सूचना आहे. म्हणजे वाट मोडायचे हत्यार कोणते, तर झाड! आणि उलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. १६५९ मध्ये अफझलखानाला प्रतापगडाखाली येता यावे म्हणून महाराजांनी वाईहून येणाऱ्या वाटेवरची झाडी तोडवून रस्ता करून दिला आणि बाकीच्या वाटा बंद केल्या, असे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले आहे. रानात रस्ता कुठे असावा आणि कुठे नसावा, हा राज्य राखण्याचा प्रश्न होता. झाडांचे काय होईल हा प्रश्न तेव्हा ना इथे कोणी विचारला, ना तिथे.

१७९८ च्या आयरिश उठावानंतर हाच प्रश्न विकलोत पुन्हा उभा राहिला. उठाव मोडला, पण मायकेल ड्वायर आणि त्याचे साथीदार डोंगरात शिरले आणि काही केल्या हाती लागेनात. विकलोच्या जमीनदारांनी सरकारकडे अर्ज केला, की डोंगरातून फौजेसाठी रस्ता काढा. अर्ज कोणापुढे गेला? लॉर्ड कॉर्नवॉलिसपुढे. होय, तोच कॉर्नवॉलिस, ज्याने १७९२ मध्ये मराठे आणि निजाम यांना सोबत घेऊन श्रीरंगपट्टणला टिपूला तह करायला लावले होते. आता तो आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट होता. ऑगस्ट १८०० मध्ये काम सुरू झाले. इंजिनिअर होता अलेक्झांडर टेलर. सैनिकांच्या तुकड्या कुदळ-फावडी घेऊन कामाला लागल्या आणि रॅथफार्नमपासून ग्लेनक्री, सॅली गॅप, लॅरा, ग्लेनमल्युअर करत आहावॅनापर्यंतचा रस्ता १८०९ मध्ये पुरा झाला. हाच मिलिटरी रोड. वाटेत बराकी बांधल्या गेल्या. गंमत अशी, की ड्वायर १८०३ च्या डिसेंबरातच शरण आला होता. ज्याला पकडायला रस्ता काढला, तो रस्ता पुरा होईपर्यंत त्याची रवानगी ऑस्ट्रेलियात होऊन काही वर्षे लोटली होती. सरकारी कामांचे वेळापत्रक ही काही आपल्याकडचीच खासियत नाही!

रस्ता मात्र राहिला. किलाकीवरून रात्री शहराचे दिवे बघायला आपण जातो तो हाच.

आता झाडांकडे येऊ. मिलिटरी रोड किलाकीच्या पुढे फेदरबेड नावाच्या पठारावरून जातो. इथे माती नाही, पीट आहे. पावसात भिजलेल्या जमिनीवर स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढते आणि मरते. पाण्यामुळे ते धड कुजत नाही. त्याचे थर साठत जातात, साधारण वर्षाला एक मिलिमीटर. म्हणजे एक मीटर जाडीचा थर व्हायला हजारेक वर्षे लागतात. अशा पीटमध्ये नव्वद टक्के पाणीच असते. जमिनीपेक्षा ती ओल्या स्पंजाची लादी म्हणणे जास्त खरे.

अशा स्पंजावर रस्ता करायचा तर पहिले काम पाणी काढून देण्याचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चर खणले जातात. चरांतून पाणी वाहून जाते, रस्ता टिकतो, पण चराच्या आसपासची पाण्याची पातळी खाली जाते. स्फॅग्नम पाण्याशिवाय जगत नाही. ते मागे हटते आणि तिथे हीदरची झुडपे व उंच गवत येते. हीदर ऑगस्टमध्ये जांभळे फुलते, सुंदर दिसते, आपण फोटो काढतो. पण पाण्याने भरलेल्या पीटवर ते एकाच जागी फार दाट झाले, तर तिथली ओल गेल्याची ती खूण असू शकते. त्यात कोरड्या हीदरला आग लवकर लागते, हे प्रत्येक कोरड्या वसंतात इथल्या बातम्यांत दिसते.

चरांपेक्षा मोठा परिणाम झाला तो रस्त्यामुळे माणसांना तिथे पोचता आले याचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ज्याला इथे 'इमर्जन्सी' म्हणतात, इंग्लंडहून येणारा कोळसा आटला. डब्लिनला जळण हवे होते. फेदरबेडवर पीट कापण्याचे मोठे काम निघाले आणि लॉऱ्या भरभरून ते शहरात आले, कारण दीडशे वर्षांपूर्वी बंडखोरांसाठी काढलेला रस्ता थेट तिथपर्यंत जात होता. रस्त्यालगत अजूनही पीट कापल्याच्या पायऱ्या दिसतात. एका हिवाळ्यात शेगडीत गेलेली ती हजारो वर्षे होती. थंडीने काकडणाऱ्या शहराला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण रस्ता नसता तर ती पीट कोणी कापायला गेले नसते, हेही खरे.

टिकनॉकच्या रस्त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त गुंतागुंतीची.

आयर्लंडमध्ये सरकारी वनीकरणाची सुरुवात १९०४ साली विकलोतल्या अव्हनडेल इथे झाली. अव्हनडेल म्हणजे पार्नेल या आयरिश नेत्याचे घर. पुढे डोंगरउतारांवर लाकडासाठी झाडे लावली गेली आणि त्यांत सर्वांत जास्त लावला गेला तो सिट्का स्प्रूस. हे झाड मूळचे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. इथल्या पावसात ते भराभर वाढते. आज देशाचे साडेअकरा टक्क्यांच्या आसपास क्षेत्र जंगलाखाली आहे आणि त्यात जवळजवळ निम्मा वाटा या एका झाडाचा आहे. सरकारी जंगलांचा कारभार १९८९ पासून 'क्विल्चा' या कंपनीकडे आहे. नावाचा अर्थ 'राने'. स्पेलिंग पाहून हा उच्चार कोणी ओळखून दाखवला, तर त्याला माझ्याकडून एक पुरणपोळी.

दाट लावलेल्या स्प्रूसखाली उभे राहून पाहा. भर दुपारी अंधार. खाली तपकिरी सुयांचा थर, आणि थोडे शेवाळ सोडले तर हिरवे काही नाही. अशा जंगलात लाकूड बाहेर काढायला रस्ता पाडला, की आकाशाचा एक पट्टा उघडतो. अख्ख्या जंगलात जिथे ऊन पोचते अशी ती एकच जागा. मग जे काही तग धरून असते ते तिथे येते. फॉक्सग्लोव्ह घ्या, उन्हाळ्यात कडेला उभे असणारे जांभळ्या घंटांचे तुरे. त्याचे बारीक बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि उजेड लागला की रुजते. (मुलांना हात लावू देऊ नका. हृदयविकारावरचे डिजिटॅलिस याच जातीच्या झाडांपासून मिळाले आणि जास्त झाले तर ते विष आहे.) तसेच हीदर, ब्रॅम्बल म्हणजे आपण ज्यांची काळी फळे तोडून खातो ती काटेरी वेल, आणि गॉर्स.

गॉर्सबद्दल थोडे जास्त लिहायला हवे. वसंतात डोंगर पिवळा करणारे, ओल्या खोबऱ्यासारखा वास येणारे ते काटेरी झुडूप. थ्री रॉकवर याच्या दोन जाती आहेत. उंच वाढणारी वसंतात बहरते आणि बुटकी उन्हाळ्याच्या शेवटी, हीदरच्या बरोबर. इथे ही झुडपे मूळचीच. पण इंग्रजांनी त्यातली उंच जात एकोणिसाव्या शतकात निलगिरीत नेली आणि उटीच्या गवताळ माळांवर ती आज डोकेदुखी झाली आहे. जे इथे घरचे, ते तिथे घुसखोर.

रस्त्याने इथेही परके आणले. पाइनॅपल वीड हे त्याचे मजेदार उदाहरण. रस्त्याच्या मधोमध, जिथे चाके आणि बूट सतत पडतात, तिथेच उगवणारे बोटभर उंचीचे रोप. फुलाला पाकळ्या नाहीत, नुसती हिरवट पिवळी बोंडे. चुरडून वास घेतला तर अननस! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते या बेटांवर पसरू लागले आणि मोटारी आल्यावर सुसाट सुटले, कारण त्याचे बी चिखलाबरोबर टायरला चिकटते. उलट दिशेने गेलेले रोप म्हणजे प्लांटेन, पसरट पानांचे, वाटेवर तुडवले तरी न मरणारे. युरोपियन लोक अमेरिकेत जिथे जिथे गेले तिथे ते गेले, आणि तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याला 'गोऱ्या माणसाचे पाऊल' असे नाव दिले.

रस्त्यावर टाकलेली खडीही काही सांगते. हे डोंगर ग्रॅनाइटचे, माती आम्ल. खाली डब्लिन शहर मात्र चुनखडीवर बसले आहे. आम्ल मातीतल्या रस्त्यावर कुठे चुनखडीची खडी पडली, तर कडेच्या हातभर पट्ट्यात चुना मानवणारी रोपे येऊ लागतात. दोन पावले आत गेले की ती नाहीत.

आता सह्याद्रीकडे वळू, कारण तिथेही पहिला मोठा रस्ता फौजेचाच. १८०३ मध्ये पुण्यात शिरलेल्या आणि त्याच वर्षी असईची लढाई जिंकलेल्या आर्थर वेलस्लीने बोरघाटाची वाट तोफा नेण्यासाठी सुधारून घेतली. हा वेलस्ली जन्माने डब्लिनचा. पुढे तो वेलिंग्टनचा ड्यूक झाला. फिनिक्स पार्कमधला प्रचंड स्तंभ त्याचाच आहे आणि त्यावरच्या एका ब्राँझ शिल्पपट्टात भारतातल्या लढाया आहेत. पुढच्या वेळी सायकली घेऊन तिथे गेलात तर जरूर बघा. बोरघाटातला पक्का रस्ता १८३० मध्ये माल्कम गव्हर्नर असताना खुला झाला.

सह्याद्रीतले रान स्प्रूसच्या रानासारखे रिकामे नव्हते. तिथे रस्त्याचा उजेड म्हणजे वरदान नव्हे. दाट रानात वरच्या फांद्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या छताखाली ओल टिकते, आणि त्या ओलीवर बुंध्यांवरची नेची, आमरी, शेवाळी जगतात. छत फाडून रस्ता गेला, की दोन्ही कडांना ऊन आणि वारा आत शिरतो, कडा कोरड्या पडतात आणि तिथे बाहेरचे तण बस्तान बसवते. आपल्या लोकांनी यातल्या एका तणाला दिलेले नाव मला वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही नावापेक्षा नेमके वाटते : रानमोडी. मूळ अमेरिकेतली. कापलेल्या, जाळलेल्या, उघड्या पडलेल्या जागी ती पहिली उगवते आणि तिचे बी वाऱ्यावर उडते. घाटरस्त्याची कापलेली दरड तिला आयतीच मिळते. घाणेरी, म्हणजे टणटणी, तीही अमेरिकेची. ती इंग्रजांच्या बागेत शोभेला आली आणि कुंपण ओलांडून रानात गेली.

आणि गाजरगवत! भारतात ते ठळकपणे नजरेस आले ते १९५५ मध्ये, आपल्या पुण्यात. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते, म्हणून 'काँग्रेस गवत' हेही नाव पडले. काही अभ्यासक मात्र ते त्याआधीपासून देशात होते असे म्हणतात. कसेही आले असो, पसरले ते रस्त्यांनी आणि रेल्वेने. एका रोपाला हजारो बिया आणि लॉरीच्या प्रत्येक टायरला चिखल.

आता आपल्याकडे, म्हणजे बुटांकडे येतो. २०१० मध्ये आयर्लंडमधल्या जपानी लार्च झाडांत फायटॉप्थोरा रामोरम नावाचा रोग सापडला. तो झाला की लार्चचे पट्टेच्या पट्टे तोडावे लागतात. त्याचे सूक्ष्म बीजाणू पावसाने, धुक्याने पसरतात, आणि ओल्या चिखलातून बुटांच्या तळव्यांना, सायकलच्या चाकांना, कुत्र्यांच्या पायांना लागूनही जातात. शनिवारी एका डोंगरावर आणि रविवारी दुसऱ्यावर जाणारी कुटुंबे आपल्यात कमी नाहीत. मधल्या रात्री बूट घासून, चिखल काढून, पूर्ण वाळवून ठेवायला दहा मिनिटे लागतात. ट्रॉलीतून भारतात नेताना तर हे कराच. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर जांभ्या खडकावरची माती काही बोटेच जाड आहे. तिच्यावरच ती सारी फुले जगतात. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या त्या पठाराच्या मधूनच साताऱ्याहून बामणोलीला जाणारा रस्ता जातो. तिथे गाडी रस्त्यावरून दोन हात बाजूला घेतली तरी चाकाखाली जे येते, ते पुन्हा भरून यायला बराच काळ लागतो.

टिकनॉकमध्ये सध्या बदल चालू आहेत. 'क्विल्चा'ने २०१९ मध्ये सुरू केलेल्या निसर्ग विभागाने डब्लिनच्या डोंगरातली नऊ जंगले, सुमारे नऊशे हेक्टर, लाकडाच्या पिकातून हळूहळू बाहेर काढायचे ठरवले आहे. काही ठिकाणी स्प्रूस तोडून बर्च, रोवन, ओक, स्कॉट्स पाइन लावले जात आहेत. काही ठिकाणी एकदम सगळे न तोडता विरळ केले जात आहे. तोडलेला डोंगर पहिली दोन-तीन वर्षे भकास दिसतो, आणि येणारी माणसे हळहळतात. पण त्या उघड्या जागेवर आता जे उगवते आहे, त्यातले पुष्कळसे अंधाराच्या काळात रस्त्याच्या कडेला जीव धरून राहिले होते किंवा मातीत बी होऊन पडून होते. अर्थात स्प्रूसची पोरेही कडेच्या दरडीवर आपोआप रुजतात आणि ती उपटावी लागतात. रस्ता कोणाचीही बाजू घेत नाही.

आणि वर, मिलिटरी रोडच्या पलीकडे, १९९१ मध्ये स्थापन झालेल्या विकलो पर्वत राष्ट्रीय उद्यानाने पीटवरचे जुने चर बांध घालून अडवण्याचे काम हाती घेतले आहे. पाणी थांबले की स्फॅग्नम परत येते, वर्षाला एक मिलिमीटर या गतीने.